मालवाहू टेंपो : नवा घ्यावा की जुना?

घरात एखादी मोठी वस्तू घ्यायची असली, की आपण चार जाणत्या माणसांचा सल्ला घेतो. मालवाहू गाडी ही मात्र केवळ वस्तू नव्हे. तिच्या चाकांवर एका कुटुंबाची उपजीविका फिरत असते. तिची निवड चुकली, तर नुकसान पैशांपुरते राहत नाही. दागिने गहाण पडतात, मुलांचे शिक्षण अडते. म्हणून हा निर्णय हौसेने किंवा भीतीने न घेता हिशेबाने घ्यावा लागतो. तो हिशेब कसा मांडावा, हे या पाठात आपण समजून घेऊ.

१. इलेक्ट्रॉनिक सिटी आणि छोटी मालवाहतूक

बंगळूर शहराच्या दक्षिणेस, होसूर रस्त्यावर इलेक्ट्रॉनिक सिटी वसलेली आहे. कर्नाटक शासनाच्या ‘किऑनिक्स’ या महामंडळाने १९७८ साली कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या ३३२ एकर जमिनीवर तिची उभारणी केली. महामंडळाचे पहिले अध्यक्ष आर. के. बाळिगा यांची ही कल्पना. पुढे येथे संगणक कंपन्या आल्या, २०१० साली सुमारे दहा किलोमीटर लांबीचा उड्डाणमार्ग झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोही येऊन पोहोचली.

काचेच्या उंच इमारती पाहणाऱ्याला त्यांच्यामागची वर्दळ सहसा दिसत नाही. उपाहारगृहांना लागणारा भाजीपाला, पाण्याचे जार, बांधणीचे खोके, बोम्मसंद्र आणि जिगणी येथील कारखान्यांचे सुटे भाग, घर बदलणाऱ्यांचे सामान, हे सारे छोट्या टेंपोंतून ये-जा करते. जवळच सिंगेन अग्रहार येथे फळांचा घाऊक बाजार आहे. मोठा ट्रक बाजाराच्या आवारापर्यंत येतो; तेथून गल्लीतल्या दुकानापर्यंत माल पोहोचवणे हे छोट्या गाडीचे काम.

अशा कामासाठी पूर्वी तीनचाकी गाड्या वापरत. २००५ साली पुण्यातील टाटा मोटर्सने ‘एस’ ही छोटी चारचाकी मालगाडी बाजारात आणली आणि चित्र पालटले. लोकांनी तिला लाडाने ‘छोटा हाथी’ असे नाव दिले. अशोक लेलँडची ‘दोस्त’ २०११ साली आली. ती इलेक्ट्रॉनिक सिटीपासून जवळच, तमिळनाडूच्या हद्दीतील होसूर येथे तयार होऊ लागली. महिंद्राच्या पिकअप गाड्याही सर्वत्र दिसतात. या गाड्या आता इतक्या झाल्या आहेत, की त्यांचा जुना बाजारही मोठा आहे. त्यामुळेच प्रश्न पडतो : नवी घ्यावी की जुनी?

२. आधी काम, मग गाडी

समजा, सांगली जिल्ह्यातील एक दांपत्य पोटापाण्यासाठी इलेक्ट्रॉनिक सिटीत आले आहे. पती दुसऱ्याचा टेंपो चालवतो, पत्नी कामगारांना जेवणाचे डबे पुरवते. दोघांनी मिळून दीड लाख रुपये साठवले आहेत. पतीला वाटते, आता स्वतःची गाडी हवी आणि तीही कोरी करकरीत. पत्नी म्हणते, “अहो, गाडी कोणती हे नंतर ठरवू. रोज काम किती मिळेल, ते आधी सांगा.”

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. रोज किती वजन न्यायचे, किती किलोमीटर जायचे, महिन्यातून किती दिवस काम मिळेल आणि त्यातले नक्की किती, हे प्रथम कागदावर लिहावे. पाऊण टन माल नेणाऱ्याने दीड टनाची गाडी घेतली, तर रिकाम्या हौद्याचे डिझेल फुकट जाते. उलट लहान गाडीवर रोज जास्त माल लादला, तर पाटे आणि टायर लवकर खराब होतात, शिवाय दंड भरावा लागतो.

वजनाचा संबंध कायद्याशीही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार मालासह एकूण वजन ३,००० किलोपेक्षा जास्त नसलेल्या मालवाहू गाडीला परवाना, म्हणजे परमिट, लागत नाही. चालकाकडे हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स असेल, तर ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीसाठी त्यावर वेगळी नोंद असण्याची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हे स्पष्ट केले आहे.

३. किंमत कशी उतरते?

नवी गाडी दुकानातून बाहेर पडली, की तिची किंमत उतरू लागते. विमा कंपन्या गाडीचे मूल्य ठरवताना जो तक्ता वापरत आल्या आहेत, त्यावरून याची कल्पना येते. एक ते दोन वर्षांच्या गाडीसाठी मूल्यातून २० टक्के, दोन ते तीन वर्षांसाठी ३० टक्के, तीन ते चार वर्षांसाठी ४० टक्के आणि चार ते पाच वर्षांसाठी ५० टक्के घट धरली जाते. म्हणजे साडेचार वर्षांची गाडी घेणाऱ्याच्या वाट्याचा निम्मा तोटा आधीच्या मालकाने सोसलेला असतो. जुन्या गाडीचा हा मोठा लाभ होय.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. जुन्या गाडीची किंमत ठरवताना मालकाने ती कितीला घेतली होती, हे पाहू नये. तशीच नवी गाडी आज कितीला मिळते, हे पाहावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू वाहनांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नव्या गाडीवरील कर कमी झाला, तर जुन्या गाडीचा भावही त्या प्रमाणात उतरावयास हवा. विकणारा हे आपणहून सांगेलच असे नाही.

४. हप्ता आणि खरा खर्च

आता आपल्या दांपत्याचा हिशेब मांडू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतलेले आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपले आकडे घालावेत.

नवी गाडी ७ लाख ५० हजार रुपयांना मिळते असे धरू. दीड लाख रोख भरले, तर ६ लाखांचे कर्ज उरते. दरसाल १० टक्के व्याजाने चार वर्षांसाठी त्याचा मासिक हप्ता सुमारे १५,२१८ रुपये होतो. जुनी गाडी ४ लाखांना मिळते. दीड लाख रोख देऊन अडीच लाखांचे कर्ज घेतले. जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर सहसा जास्त आणि मुदत कमी असते. म्हणून १६ टक्के दराने तीन वर्षे धरू. हप्ता सुमारे ८,७८९ रुपये होतो. दोन्ही हप्त्यांत ६,४२९ रुपयांचा फरक आहे.

हा फरक पाहून पुष्कळ लोक तेथेच थांबतात. परंतु हप्ता हा खर्चाचा एक भाग आहे. दुरुस्तीसाठी नव्या गाडीला महिना १,५०० आणि जुन्या गाडीला ४,००० रुपये बाजूला ठेवले, तर फरकातील २,५०० रुपये गेले. शिवाय जुनी गाडी नव्या गाडीपेक्षा जास्त दिवस गॅरेजमध्ये उभी राहील. डिझेल, टोल, विमा आणि चालकाची मजुरी वजा जाता दिवसाला १,००० रुपये उरतात असे मानू. महिन्यातून दोन दिवस जादा गेले, तर आणखी २,००० रुपये कमी झाले. आता जुन्या गाडीचा लाभ १,९२९ रुपयांवर आला. चार दिवस गेले, तर तो उरतच नाही. शिवाय गाडी वेळेवर न पोहोचल्यामुळे ठरलेले गिऱ्हाईक सुटले, तर त्याची भरपाई कोणत्याच आकड्यात होत नाही.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. महिन्याला २५ दिवस काम मिळाले, तर नव्या गाडीचा हप्ता आणि दुरुस्तीचा खर्च जाऊन ८,२८२ रुपये उरतात. पण एखाद्या महिन्यात १५ दिवसच काम मिळाले तर? नव्या गाडीत १,७१८ रुपये घरातून घालावे लागतील. जुन्या गाडीत मात्र २,२११ रुपये हाती राहतील. धंद्याला मंदी येते, पण हप्त्याला मंदी नसते. तो ठरल्या तारखेला दारात उभा राहतोच.

यावरून निष्कर्ष असा निघतो : काम पक्के आणि रोजचे असेल, तर नवी गाडी परवडते. काम नव्याने सुरू करायचे असेल, ते कमी-जास्त होत असेल, तर चांगली पारखून घेतलेली जुनी गाडी अधिक सुरक्षित ठरते.

कर्ज घेताना राष्ट्रीयीकृत बँकेतही चौकशी करावी. एप्रिल २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेतून मालवाहू वाहनासाठीही कर्ज मिळू शकते.

५. जुनी गाडी पारखताना

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. आधीच तापवून ठेवलेले इंजिन आपले दोष लपवते. धूर निळसर असेल, तर इंजिन ऑइल जाळते आहे असे समजावे. पांढरा धूर थांबतच नसेल, तर पाणी आत शिरत असण्याचा संभव असतो. गाडीखाली वाकून चासीला जोड दिल्याच्या खुणा, गंज आणि तुटलेले पाटे पाहावेत. जास्त माल लादल्याची साक्ष तेथे मिळते. किलोमीटरचा आकडा कमी आणि पेडलचे रबर मात्र झिजलेले, असे आढळल्यास त्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. शेवटी माल भरून, चढावर गाडी चालवून पाहावी. आपल्या ओळखीच्या मेकॅनिकला बरोबर न्यावे. विकणाऱ्याचा मेकॅनिक पुरेसा नाही.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे प्रदूषण मानक लागू झाले. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांचा धूर कमी असतो. परंतु त्यांत धूर शुद्ध करणारी यंत्रणा आणि सेन्सर अधिक असतात. त्यांची दुरुस्ती साध्या पान्याने होत नाही, संगणक लावावा लागतो. म्हणून अशी गाडी जुनी घेताना चावी फिरवल्यावर इंजिनाचा इशारा देणारा दिवा लागतो आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो, हे आवर्जून पाहावे. मुळीच न लागणारा दिवा संशयास्पद समजावा.

६. कागदपत्रांची काळजी

गाडी चांगली आणि कागद वाईट, असे असेल तर व्यवहार करू नये. आरसी बुकावरील चासी आणि इंजिनाचे क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी ताडून पाहावेत. कर्जाचा बोजा असल्यास तो उतरल्याचे पत्र घ्यावे. थकलेला कर, न भरलेले दंड आणि पासिंगची मुदत तपासावी. आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीचे पासिंग दोन वर्षांसाठी, त्यापुढे मात्र एकेका वर्षासाठी होते. चार वर्षांची गाडी घेणाऱ्यास चार वर्षांनी दरवर्षी हा खर्च आणि तो दिवस सोसावा लागेल.

पुष्कळांना आपल्या गावाकडची, महाराष्ट्रात नोंदलेली गाडी स्वस्त वाटते. ती कर्नाटकात कायम वापरायची असेल, तर मूळ परिवहन कार्यालयाचा ना-हरकत दाखला आणावा लागतो, येथील कर भरावा लागतो आणि बारा महिन्यांच्या आत येथील क्रमांक घ्यावा लागतो. इलेक्ट्रॉनिक सिटीचा नोंदणी क्रमांक ‘केए ५१’ ने सुरू होतो. हा सर्व खर्च किमतीत मिळवून मगच ‘स्वस्त’ हा शब्द वापरावा.

मालकी नावावर करून घेण्यासाठी २९ आणि ३० क्रमांकाचे अर्ज भरावे लागतात. खरेदीदाराने ३० दिवसांत तशी सूचना द्यावयाची असते. विमाही १४ दिवसांच्या आत नावावर करण्यासाठी अर्ज करावा. केवळ मुद्रांकाच्या कागदावर सह्या करून गाडी ताब्यात घेणे धोक्याचे आहे. अपघाताच्या भरपाईसाठी कायदा नोंदीवरील मालकालाच जबाबदार धरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले. तेव्हा आज ही काळजी विकत घेणाऱ्याने घ्यावी आणि उद्या आपली गाडी विकतानाही विसरू नये.

७. समारोप

आपल्या दांपत्याने काय करावे? पतीला एखाद्या उपाहारगृहाचे रोजचे काम लेखी मिळाले असेल, तर नवी गाडी घेण्यास हरकत नाही. तसे नसेल, तर जुनी गाडी घेऊन दोन-तीन वर्षे गिऱ्हाईक जोडावे. मात्र दोन्ही वेळी दीड लाख रुपये सर्वच्या सर्व गाडीत घालू नयेत. दोन महिन्यांच्या हप्त्याएवढी रक्कम हाताशी ठेवावी. त्यासाठी कर्ज थोडे वाढले किंवा गाडी थोडी साधी घ्यावी लागली, तरी चालेल. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपल्या वाडवडिलांनी उगाच सांगितलेले नाही. कोरी गाडी चार दिवस दारात शोभते. वेळेवर फिटणारा हप्ता घराला स्वस्थ झोप देतो.

स्वाध्याय

१. गाडी निवडण्यापूर्वी कामाविषयी कोणत्या गोष्टी लिहून काढाव्यात?
२. जुन्या गाडीचा कमी हप्ता म्हणजे कमी खर्च, असे का म्हणता येत नाही?
३. ‘धंद्याला मंदी येते, पण हप्त्याला मंदी नसते’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
४. तुमच्या परिसरातील एखाद्या टेंपोचालकाशी बोला. त्याचा महिन्याचा जमाखर्च या पाठातील पद्धतीने मांडा.