कोर्बा: नाव सापडतं, पण कॉल का लागत नाही?

रामदासपेठेतल्या आमच्या ऑफिसात एक जुना जावा प्रोजेक्ट माझ्याकडे आहे. तो कोर्बावर चालतो. नवीन मुलं कॉलेजातून रेस्ट शिकून येतात, त्यामुळे कोर्बाचा एरर दिसला की गोंधळतात. त्यातला नेहमीचा एरर आज समजून घेऊ.

कोर्बा म्हणजे काय?

एका मशीनवरच्या प्रोग्रॅमला दुसऱ्या मशीनवरच्या ऑब्जेक्टची मेथड कॉल करता यावी, दोन्हीकडची भाषा वेगळी असली तरी, यासाठीचं हे स्टँडर्ड. ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपने ते १९९१ मध्ये आणलं.

काम कसं चालतं?

समजा, कळमना मार्केटमधला संत्र्याचा भाव सांगणारा सर्व्हर करायचा आहे.

१. आयडीएल फाइलमध्ये इंटरफेस लिहा: संत्र्याचा प्रकार दिला की भाव मिळेल.
२. आयडीएलजे हे टूल त्यातून क्लायंटसाठी स्टब आणि सर्व्हरसाठी स्केलेटन तयार करतं.
३. सर्व्हर आपला ऑब्जेक्ट नेमिंग सर्व्हिसमध्ये नावाने नोंदवतो.
४. क्लायंट ते नाव विचारतो. उत्तरात त्याला आयओआर, म्हणजे ऑब्जेक्टचा पत्ता मिळतो.

इथून पुढे नेमिंग सर्व्हिसचं काम संपतं. कॉल थेट त्या पत्त्यावर जातो.

घोळ कुठे होतो?

आयओआरमध्ये होस्ट आणि पोर्ट असतो, आणि तो सर्व्हर स्वतःच लिहितो. उबंटूच्या होस्ट्स फाइलमध्ये मशीनच्या नावापुढे बऱ्याचदा १२७.०.१.१ असतं. तोच पत्ता आयओआरमध्ये गेला, तर क्लायंट सर्व्हरऐवजी स्वतःच्याच मशीनवर शोधत बसतो. म्हणून नाव सापडतं, पण कॉल लागत नाही.

उपाय सोपा आहे. जावासोबत आलेला ओआरबी वापरत असाल, तर ओआरबीसर्व्हरहोस्ट ही प्रॉपर्टी द्या. क्लायंटला पोहोचता येईल असाच पत्ता त्यात टाका. पोर्ट ठरवून घ्या, फायरवॉलमध्ये उघडा आणि सर्व्हर रीस्टार्ट करून ऑब्जेक्ट पुन्हा नोंदवा.

जावा ११ वर गेलात तर?

सप्टेंबर २०१८ मध्ये आलेल्या जावा ११ मधून कोर्बा काढून टाकलं. आयडीएलजेही गेलं, त्यामुळे जुना कोड कंपाइलच होत नाही. पण सगळं नव्याने लिहायची गरज नाही. जॅकओआरबीसारखा वेगळा ओआरबी जोडा आणि जुन्याच आयडीएलमधून त्याच्या कंपायलरने स्टब बनवा. दोन्ही ओआरबी आयआयओपी हाच प्रोटोकॉल बोलतात. म्हणून आधी क्लायंट नव्या जावावर न्या, सर्व्हर काही दिवस जावा ८ वर राहू द्या. एकाच रात्री दोन्ही बदलायला जाऊ नका.