परदेशात जाताय? नंबर गावचा चालू ठेवा, डेटा तिथला घ्या

तिगाव (जि. पांढुर्णा) | प्रतिनिधी

तिगावचं सिम मध्य प्रदेश-छत्तीसगड सर्कलचं, आणि दवाखाना, कॉलेज, खरेदी नागपूरची, म्हणजे महाराष्ट्र सर्कलमधली. राज्याची सीमा ओलांडली की फोन उचलायचेही पैसे कटायचे, ते दिवस पांढुर्णा-सौंसरच्या लोकांना चांगले आठवतात. बीएसएनएलनं १५ जून २०१५ पासून देशभर इनकमिंग रोमिंग मोफत केलं. २०१७ पर्यंत मोठ्या खासगी कंपन्यांनीही तीच वाट धरली आणि रोमिंग हा शब्द आपण विसरून गेलो.

देशाच्या सीमेवर मात्र ते अजून तसंच आहे. कामासाठी आखाती देशात, शिकायला जर्मनीला किंवा मुलाकडे अमेरिकेला निघालेल्यांनी हा हिशोब आधीच करून ठेवावा.

पैसे कटतात कुठे?

रोमिंग म्हणजे आपलं सिम दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवर चालणं. त्या कंपनीला आपली कंपनी पैसे देते आणि आपल्याकडून वसूल करते. पॅक न घेता डेटा चालू राहिला तर हिशोब एमबीवर होतो. समजा दर एमबीला १० रुपये असला, तर १ जीबी म्हणजे १,०२४ एमबी, म्हणजे १०,२४० रुपये! आपण फोन खिशात ठेवला तरी ॲप अपडेट होत राहतात, फोटोंचा बॅकअप जात राहतो. विमानातलं आणि जहाजावरचं नेटवर्क तर सॅटेलाइटचं, अजून महाग. तिथे फ्लाइट मोडच बरा.

तीन रस्ते

१. आपल्याच कंपनीचा रोमिंग पॅक. चार-आठ दिवसांच्या सहलीला सोपा. पॅकमध्ये आपला देश आहे का, आणि डेटा रोजचा किती पडतो, हे पाहा. १० दिवसांना ५ जीबी म्हणजे रोजचा अर्धा जीबीच.

२. तिथलं सिम. महिनाभर किंवा जास्त राहायचं असेल तर बहुधा हेच स्वस्त. युरोपियन युनियनमध्ये जून २०१७ पासून एका देशाचं सिम दुसऱ्या देशात जादा पैशाविना चालतं. स्वित्झर्लंड त्या युनियनमध्ये नाही, म्हणून तिथे जाण्याआधी विचारून घ्या.

३. ई-सिम. यात कार्ड नसतं, क्यूआर कोड स्कॅन करायचा. त्याला इंटरनेट लागतं, म्हणून घरच्या वायफायवरच टाकून ठेवा. *#०६# डायल करा. ईआयडी नंबर दिसला तर फोन ई-सिमचा. अमेरिकेत विकलेल्या आयफोन १४ मध्ये आणि त्यानंतरच्या आयफोनमध्ये सिमचा खाचाच नाही, त्यात दुसरा पर्याय कार्डानं जमणार नाही.

सेटिंग नीट करा

भारतीय सिमचं डेटा रोमिंग बंद ठेवा. प्रवासी ई-सिमचं मात्र बहुतेक वेळा चालू करावं लागतं. एका सिमवरून दुसऱ्यावर डेटा आपोआप वळवणारा पर्याय बंद करा. सिम बदललं तरी व्हॉट्सॲप जुन्या नंबरवरच चालतं. नंबर बदलायचा का, असं विचारलं तर नाही म्हणा. घरच्यांनाही सांगून ठेवा की साधा फोन लावू नका, कारण इनकमिंग उचलल्याचे पैसे तुमचेच जाणार. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवर मेसेज जातात, पण कॉल लागत नाही; तिथे परवानगी असलेलं ॲप वापरावं लागतं.

सगळ्यात मोठी गोष्ट ओटीपी

गावचा नंबर बंद पडला तर बँकेचा ओटीपी येणार कुठे? जाण्याआधी परतीच्या तारखेपर्यंत पुरेल असा रिचार्ज करा आणि कंपनीच्या ॲपमधून आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करा. रोमिंगमध्ये येणारा एसएमएस सहसा मोफत असतो, म्हणून डेटा बंद ठेवूनही ओटीपी मिळतो.

आपल्याकडे अजून एक भानगड असते. बापाच्या खात्याला, आधारला, समग्र आयडीला नंबर पोराचा जोडलेला असतो. पोरगा सिम घेऊन परदेशात गेला की पीएम किसानच्या ई-केवायसीचा ओटीपी त्याच्या खिशात, आणि बाप इथे केंद्रावर उभा. तिकडे रात्र असेल तर ओटीपी विचारणार कसा? अंगठा लावून ई-केवायसी होते, पण बँकेचं प्रत्येक काम अंगठ्यावर होत नाही. म्हणून तिकीट काढलं त्याच आठवड्यात आई-वडिलांना आधार केंद्रावर आणि बँकेत नेऊन त्यांचा स्वतःचा नंबर जोडून द्या.

देशातच एक अपवाद

वैष्णोदेवी, अमरनाथला जाणाऱ्यांसाठी: जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्यांचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड चालतं. जथ्यात एकाकडे तरी पोस्टपेड असू द्या आणि तो नंबर घरी लिहून ठेवा.