नवजात पिल्लांना आधी ऊब, मग दूध

भाद्रपद हा कुत्र्यांच्या माजाचा महिना मानला जातो. गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असल्याने पुष्कळशी पिल्ले जन्माला येतात ती कार्तिक-मार्गशीर्षाच्या थंडीत. मुळशी तालुक्यातील डोंगराळ गावांत आणि धरणाकाठच्या फार्महाऊसच्या आवारात अशा दिवसांत एखादे निपचित पिल्लू आढळते. कळवळ्याने त्याला लगेच गाईचे दूध पाजले जाते आणि नेमके तेच त्याच्या जिवावर बेतू शकते.

पहिल्या दोन आठवड्यांत पिल्लाला शरीराचे तापमान स्वतः राखता येत नाही. सुरुवातीच्या दिवसांत ते कुडकुडतही नाही. पहिल्या आठवड्यात त्याचे तापमान साधारण ९५ ते ९८ अंश फॅरनहाइट असते. ते ९४च्या खाली गेल्यास आतड्यांची हालचाल मंदावते, दूध पचत नाही आणि गिळण्याची शक्ती क्षीण झाल्याने ते फुफ्फुसात उतरण्याचा धोका असतो. थंड पडलेल्या पिल्लाला आईही अनेकदा दूर लोटते.

शरीरातील पाणी कमी झाल्याची खूण म्हणजे कोरड्या, चिकट हिरड्या आणि पिवळी लघवी. निरोगी नवजात पिल्लाची लघवी जवळजवळ रंगहीन असते. कातडी चिमटीत धरून पाहण्याची परीक्षा या वयात भरवशाची नसते.

म्हणून कुत्री विण्यापूर्वीच पुठ्ठ्याचे खोके, सुती कापड, गरम पाण्याची बाटली, थर्मामीटर, स्वयंपाकघरातील वजनकाटा आणि पिल्लांसाठीची दूधपावडर जवळ ठेवावी. बाटली कापडात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवावी. ऊब एक ते तीन तासांत हळूहळू द्यावी. एकदम दिलेली उष्णता घातक ठरते. शुष्कता असल्यास पशुवैद्यक कातडीखाली कोमट सलाइन देतात. त्यानंतरच दूध. कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधाच्या साधारण दुप्पट प्रथिने व स्निग्धांश असतात, म्हणून गाईचे दूध पुरेसे पडत नाही. पिल्लाला पालथे ठेवूनच पाजावे, उताणे कधीही नाही. आई जवळ असेल, तर पहिल्या दिवसाचा चीक मिळालाच पाहिजे. रोगप्रतिकारशक्ती त्यातूनच येते.

वजन रोज नोंदवावे. सात ते दहा दिवसांत ते जन्मवेळच्या दुप्पट व्हायला हवे. ते घटत राहिल्यास विलंब नको. ताम्हिणीच्या बाजूच्या गावांतून पुण्यातील दवाखाना गाठायला तासाहून अधिक वेळ लागतो. त्या प्रवासातही पिल्लाला उबेत ठेवणे, हाच पहिला उपचार होय.