घुडखराची सगळी भिस्त एका रणावर

कच्छच्या छोट्या रणात आणि त्याच्या आसपास २०२४ साली झालेल्या गणनेत ७,६७२ घुडखर भरले. २०२० मध्ये हीच संख्या ६,०८२ होती. वाढ झाली, आनंद आहे. पण एकेकाळी सिंध-बलुचिस्तानपर्यंत कळपांनी फिरणारे हे भारतीय रानगाढव आता जवळजवळ या एकाच टापूत उरले आहे, ही गोष्ट आकड्यात दिसत नाही.

टापूही असा की पावसाळ्यात नद्यांचे गोडे आणि खाडीचे खारे पाणी त्याचा उथळ तलाव करून टाकते, आणि उन्हाळ्यात तिथे भेगाळलेल्या मातीखेरीज काही उरत नाही. गवत उगवते ते रणातल्या जरा उंच जागांवर, म्हणजे ‘बेटां’वर, तेही लवकरच वाळून काडी होते. घुडखर निभावतो तो पोटाच्या रचनेमुळे. गाय रवंथ करते. चारा पुरेसा बारीक झाल्याशिवाय तो तिच्या पोटातून पुढे सरकत नाही, त्यामुळे निकृष्ट चाऱ्याने पोट तुंबते. घुडखराचा चारा आतड्याच्या मागच्या भागात आंबतो. पचन अर्धवट, पण झटपट. सत्त्व कमी असेल तर जास्त खायचे, इतका साधा हिशेब!

याच खादाडपणाचा एक तोटाही आहे. वेडी बाभूळ रणाच्या कडेने फोफावली आहे. तिच्या गोड शेंगा घुडखर आवडीने खातो, बिया लिदेतून शाबूत बाहेर पडतात आणि त्याच्याच कुरणात रुजतात.

खरी धास्ती मात्र रोगाची. १९६० च्या आगेमागे सर्रा आला. रक्तात वाढणारा त्याचा एकपेशीय परजीवी चावऱ्या माश्या एका जनावरातून दुसऱ्यात नेतात. पाठोपाठ घोड्यांना होणारा आफ्रिकन विषाणूजन्य आजार आला. १९६२ मध्ये ८७० च्या आसपास असलेले घुडखर १९६९ मध्ये अवघे ३६२ उरले. आजचे सारे कळप त्या मूठभरांचेच वंशज, म्हणजे आनुवंशिक भांडवलही बेताचेच.

संख्या वाढली तसे कळप रणाबाहेरच्या शेतांत उतरू लागले. पिकाची नासाडी झालेल्या शेतकऱ्याला संवर्धनाचे कौतुक कुठून असणार? काही घुडखर राजस्थानच्या जालोर भागातही पोचले आहेत. पण तो मुलूख रणाला लागूनच आहे. साथ पोचणार नाही इतक्या दूर दुसरी वस्ती उभी करायची, तर ते काम जनावरे भरपूर असताना, म्हणजे आत्ताच, हाती घ्यायला हवे.