अँबॅसॅडर की पद्मिनी?

वडिलांच्या वेळची मोटार अजूनही काही घरांच्या पडवीत उभी असते. कुणाकडे अँबॅसॅडर, तर कुणाकडे प्रीमियर पद्मिनी, जिला आपण आजही 'फियाट'च म्हणतो. ती दुरुस्त करावी, की कुणी स्वस्तात देतो म्हणून दुसरी घ्यावी, असा प्रश्न पडतो. बैल घेताना आपण दात, खूर आणि चाल पाहतो. मोटारही तशीच पारखावी.

ताकद : अँबॅसॅडर ही मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली. तिचे जुने पेट्रोल इंजिन १,४८९ सी.सी.चे. पद्मिनी फियाट ११०० वरून आलेली, इंजिन १,०८९ सी.सी.चे. अँबॅसॅडर अंगाने जड व उठायला सुस्त, पण पाच माणसे व सामान घेऊन चढावर दम धरते. पद्मिनी चपळ आहे आणि पेट्रोल कमी पिते. मात्र भरल्या गाडीने घाट चढताना गिअर वारंवार उतरवावा लागतो.

चाल : अँबॅसॅडरची चाके १५ इंची, पद्मिनीची १४ इंची. खाचखळग्यांच्या वाटेवर पहिली सुखाची, बाजारपेठेच्या गर्दीत दुसरी सोयीची. जुन्या मॉडेलांत दोघींच्याही चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात, हे कधी विसरू नका. ओढ्यातून गाडी काढल्यावर ब्रेक ओले होऊन धरत नाहीत. थोडे अंतर हळू जाऊन, ब्रेक हलके दाबत ते सुकवावेत. घाट उतरताना सतत ब्रेक दाबल्यास ड्रम तापून पकड जाते. म्हणून खालच्या गिअरमध्येच उतरावे. घरची माणसे गाडीत असताना वर धान्याची पोती भरू नयेत.

देखभाल : या दोन्ही गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चासी नाही. पत्र्याची बांधणी हाच त्यांचा सांगाडा. म्हणून रंगाला भुलू नका. पायाखालचे मॅट उचला, दारांखालचा पत्रा आणि मागचे पाटे जिथे बसवले आहेत ती जागा स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहा. इंजिन पुन्हा बांधता येते, पण सडलेला तळ खिसा रिकामा करतो. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. त्याने जुन्या रबरी नळ्या व पंपाचा पडदा खराब होतो. ते इथेनॉल सोसणारे बसवून घ्यावेत. पेट्रोलची गळती दिसली तर गाडी सुरू करू नये.

कागदपत्रे : खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते. पुढे आर.टी.ओ.त तपासणी करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. हा खर्च किमतीत धरूनच व्यवहार करा.

निवड : घरात माणसे जास्त आणि रस्ता कच्चा असेल, तर अँबॅसॅडर. दोघा-चौघांना डांबरी रस्त्याने तालुक्याला जायचे असेल, तर पद्मिनी. दोन्हींचे उत्पादन बंद झाले आहे. अँबॅसॅडरचे २०१४ साली थांबले. तेव्हा जवळचा मिस्त्री कोणती गाडी जाणतो आणि सुटे भाग कुठून आणतो, हे आधी विचारा. पाहताना क्रम ठेवा: आधी पत्रा, मग ब्रेक, मग कागद आणि शेवटी इंजिन. पहिल्या दोहोंत खोट निघाली, तर कितीही स्वस्त मिळाली तरी ती गाडी महागच.