पाणी गेले की जोड, पाणी आले की तोड



दर हंगामात दोन प्रश्न आमच्यापुढे हमखास येतात. पहिला, "ऊस तोडून दोन दिवस फडात राहिला तर काय बिघडलं? थोडं वजन घटतं, एवढंच ना?" दुसरा, "मळीत गेलेली साखर वायाच गेली का?" दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच सूत्रात आहे, आणि ते आम्हांला नीट उमगले बदलापूर गावी.

आपल्या एका सभासदाचे चिरंजीव तिथल्या औद्योगिक वसाहतीत रसायनाच्या कारखान्यात नोकरीला आहेत. मुंबईस कामानिमित्त गेलो होतो, तेव्हा लोकलने कल्याण, अंबरनाथ मागे टाकून बदलापूरला उतरलो. उल्हास नदीच्या काठचे हे जुने गाव. पूर्वी इथे घोडे बदलत म्हणून नाव बदलापूर, असे जुनी माणसे सांगतात. चिरंजीवांनी एका बाटलीचे बूच काढले, हाताने वारा घालून वास दिला आणि म्हणाले, "काका, ओळखा बरं." पिकल्या फळासारखा गोडसर वास होता. "हे इथाईल ॲसिटेट. शाई, रंग, औषधं बनवताना विरघळवायला लागतं. मळीच्या अल्कोहोलपासून हे बनवता येतं."

मळीतून अल्कोहोल

एक टन उसामागे साधारण ४० ते ४५ किलो मळी म्हणजे मोलॅसिस निघते. जी साखर दाणा धरत नाही ती तिच्यात राहते. आसवनीत यीस्ट ही साखर खाते. ग्लुकोजच्या एका रेणूत कार्बनचे ६ अणू असतात. त्यातून प्रत्येकी २ कार्बनचे अल्कोहोलचे दोन रेणू होतात आणि उरलेले २ कार्बन वायूरूपाने उडून जातात. टाकीत बुडबुडे येतात ते याच वायूचे. १८० किलो ग्लुकोजमागे कागदावर ९२ किलो अल्कोहोल आणि ८८ किलो वायू, असा हा हिशेब आहे.

अल्कोहोलातून एस्टर

अल्कोहोलचा प्राणवायूशी संयोग झाला की ॲसेटिक आम्ल होते. घरचा शिरका आंबट होतो तो त्यामुळेच. आता ४६ किलो अल्कोहोल आणि ६० किलो ॲसेटिक आम्ल यांची जोड लावली तर ८८ किलो इथाईल ॲसिटेट मिळते आणि १८ किलो पाणी सुटते. अशा जोडीला एस्टर म्हणतात. पिकल्या केळ्याचा वासही एका एस्टरचाच. मात्र सुटलेले पाणी सतत काढून घ्यावे लागते. नाहीतर काम अर्ध्यात अडते, कारण तेच पाणी एस्टर पुन्हा तोडू लागते. चिरंजीव म्हणाले, "काका, एवढंच ध्यानात ठेवा. पाणी गेलं की जोड, पाणी आलं की तोड."

घरातही तेच

तेल-तूप हेसुद्धा एस्टरच. ग्लिसरीन हा तीन हातांचा अल्कोहोल समजा. त्याच्या प्रत्येक हाताला एकेक स्निग्ध आम्ल धरलेले असते. ही जोड पाण्याने सुटू लागली की लोणी खवट होते. कॉस्टिक सोडा घालून शिजवले की तीच जोड सुटून साबण आणि ग्लिसरीन वेगळे होतात. डाळीतली, दुधातली प्रथिने म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. प्रत्येक कडी जोडताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. ही जोड एस्टरची नव्हे, तिच्यात नत्र असते. आपण पिकाला युरिया घालतो, त्यातले नत्र पुढे प्रथिनांत जाते. आपण जेवतो तेव्हा पोटात या साऱ्या जोडांची पाण्याने तोड होते.

फडातली तोड

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. साखरेचा रेणू म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोड. ऊस उभा असताना तो ही जोड बांधून साठवतो. कोयता लागला की बांधणे थांबते आणि उसातलेच इन्व्हर्टेज नावाचे एंझाइम, जे स्वतः एक प्रथिन आहे, पाण्याच्या मदतीने जोड तोडीत सुटते. ऊन जास्त, ऊस जळका, तर हे काम आणखी वेगाने होते. ३४२ किलो साखर आणि १८ किलो पाणी मिळून ३६० किलो ग्लुकोज-फ्रुक्टोज होते. कागदावर वजन वाढले, पण पोत्यात एक दाणा पडत नाही. साखर घटते आणि मळीतली गोडी वाढते. म्हणजे नुसते काट्यावरचे वजन घटत नाही, उताराही घटतो. आणि उताऱ्यावर तर आपल्या सर्वांचा दर ठरतो!

दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर यातच आहे. मळीतली साखर सगळी वाया जात नाही, तिचे अल्कोहोल होते. पण पोत्यात गेलेला किलो हा किलोच राहतो. मळीत गेलेल्या किलोचे कागदावरसुद्धा अर्ध्या किलोच्या आसपासच अल्कोहोल होते, बाकीचे हवेत जाते. तेव्हा आसवनी आहे म्हणून शिळा ऊस चालेल, हा हिशेब खोटा आहे.

निघताना चिरंजीवांनी एक गोष्ट बजावली. अल्कोहोल एकच नसतो. आसवनीतला इथाईल, २ कार्बनचा. एकाच कार्बनचा मिथाईल अल्कोहोल उद्योगात लागतो, दिसायला अगदी तसाच, पण पोटात गेला तर डोळे जातात, जीव जातो. २०१५ साली मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली, ती याच मिथाईलमुळे. वसाहतीतला असो वा कुठला, वासावरून अल्कोहोल ओळखायला जाऊ नये.

वाहनतळावर गाड्या ताटकळतात ही सभासदांची तक्रार आम्ही रास्त मानतो. जी तोड फडात होते तीच तळावरही होते, म्हणून गाड्यांची पाळी वेळेवर लागणे ही कारखान्याची जबाबदारी आहे. आपल्याकडून विनंती एवढीच. टोळी दारात आल्याशिवाय उसाला कोयता लावू नका, फड पेटवू नका आणि तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडेल असे पाहा. बारा-चौदा महिने पाणी पाजून बांधलेली जोड दोन दिवसांत सुटू देऊ नका.