इंग्रजी शब्द असे कां वागतात?

वर्गांत मोठ्यानें वाचतांना एखादा मुलगा 'नाइफ' म्हणजे चाकू ह्या शब्दाचा उच्चार 'क्नाइफ' असा करितो, आणि सारा वर्ग हांसतो. मग तो बिचारा पुष्कळ दिवस वाचावयास उभा राहण्यास धजत नाहीं. हा प्रसंग आम्हीं अनेकदां पाहिला आहे. वास्तविक त्या मुलाचा अपराध एवढाच, कीं तो चार शतकें उशिरां जन्मला!

कारण त्या काळीं इंग्रज लोक ह्या शब्दांतील 'के' खरोखरच उच्चारीत असत. विल्यम कॅक्स्टन ह्यानें इ. स. १४७६ मध्यें इंग्लंडांत छापखाना काढला. छापील पुस्तकांमुळें शब्दांचें लेखन हळूहळू स्थिर झालें. उच्चार मात्र बदलत राहिले. जीभ पुढें गेली, लेखणी मागें राहिली. 'डेट' म्हणजे कर्ज, ह्या शब्दांतील 'बी'ची गोष्ट निराळी. तें अक्षर इंग्रजींत कधींच उच्चारलें जात नव्हतें. मूळ लॅटिन शब्दांत तें आहे, म्हणून पंडितांनीं तें मागाहून घातलें.

अनेकवचनांचेंहि असेंच आहे. 'फूट'चें 'फीट' आणि 'माउस'चें 'माइस' कां होतें? प्राचीन काळीं ह्या शब्दांपुढें 'इ'सारखा प्रत्यय लागत असे. त्याच्या ओढीनें शब्दाच्या पोटांतील स्वर बदलला. पुढें प्रत्यय गळाला. बदललेला स्वर तेवढा उरला. 'चिल्ड्रन' ह्या शब्दांत तर दोन प्रत्यय आहेत: जुन्या अनेकवचनावरच लोकांनीं दुसरा प्रत्यय चढविला. 'शीप' म्हणजे मेंढी मात्र एक असो वा शंभर, शब्द तोच. ह्याचें आपणांस नवल कां वाटावें? आपलाहि एक हात आणि दोन हातच ना? 'चार' व 'चाक' ह्यांतील 'च' लिहिण्यांत एक, उच्चारांत दोन. परभाषिकानें तेथें अडखळावें तर आपण काय म्हणूं?

पालकांनाहि एक शब्द फसवितो. इंग्लंडांतील 'पब्लिक स्कूल' ही सरकारी शाळा नव्हे, तर भारी फी घेणारी खासगी शाळा होय. ईटन येथील अशी प्रसिद्ध शाळा सहाव्या हेन्री राजानें इ. स. १४४० मध्यें सत्तर गरीब विद्यार्थ्यांस मोफत शिकविण्यासाठीं स्थापिली. अशा शाळा एका गांवापुरत्या नसून कोठल्याहि मुलास खुल्या असत. म्हणून त्या 'पब्लिक'. पुढें फी वाढली, नांव तेंच राहिलें.

तात्पर्य, विद्यार्थिमित्रहो, इंग्रजीच्या ह्या लहरी नसून तिच्या वयाच्या खुणा आहेत. नवा शब्द भेटतांच त्याचा उच्चार व अनेकवचन कोशांत पाहून वहींत टिपून ठेवावें. आणि सोबती 'क्नाइफ' म्हणाला तर हांसूं नये. त्या 'के'ची हकीकत त्यास सांगावी. म्हणजे तो शब्द तोहि विसरणार नाहीं, आणि आपणहि विसरणार नाहीं.